बक्षीस की रोजंदारी?

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांना कोणी ‘वेळेचा अपव्यय’ म्हटले की चाहते तावातावाने सांगतात, इथे आपले पात्र पराक्रम करते, वाढते. मलाही हे खेळ आवडतात, आणि म्हणूनच विचारावेसे वाटते : वाढते म्हणजे नेमके काय होते?

२००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चेच घ्या. गावातला कोणीतरी सांगतो, दहा रानडुकरे मारून ये. ही झाली क्वेस्ट. मारली. थोडी नाणी, थोडे अनुभवगुण, एखादे चिलखत मिळाले. लेव्हल वाढली, अंगात बळ आले. पण पुढच्या मुलखातली जनावरेही तितकीच बळकट! काल जितके घाव घालावे लागत होते, जवळपास तितकेच आजही लागतात. याला वाढ म्हणत नाहीत, महागाई म्हणतात.

आणि महागाईत जुनी पुंजी मातीमोल होते. सुरुवातीला साठावी लेव्हल शेवटची होती. तिथे पोचलेले लोक चाळीस जणांचा जथा जमवून ‘मोल्टन कोअर’मध्ये आठवड्यामागून आठवडे लढत, तेव्हा कुठे एखादी जांभळ्या नावाची दुर्मीळ वस्तू हाती लागे. जानेवारी २००७मध्ये ‘द बर्निंग क्रुसेड’ ही पुरवणी आली, मर्यादा ७० झाली, आणि नव्या मुलखातल्या साध्यासुध्या क्वेस्टच्या हिरव्या वस्तू त्यातल्या कित्येक जांभळ्या वस्तूंना भारी पडू लागल्या. पुढे मर्यादा वाढत वाढत २०१८ साली १२०वर गेली. २०२०मध्ये कंपनीनेच १२०चे ५० केले आणि नवी मर्यादा ठेवली ६०. सोळा वर्षे चढून पुन्हा साठावरच!

मधल्या काळात, २०१४मध्ये, ६० डॉलर भरून थेट नव्वदाव्या लेव्हलवर जाण्याची सोय विक्रीला आली. ज्या वाटेने चालावे लागू नये म्हणून माणूस पदरचे पैसे मोजतो, त्या वाटेबद्दल आणखी काय बोलायचे?

याचे मूळ हिशेबात आहे. या खेळाला महिन्याची वर्गणी असते. वाट जितकी लांब तितके महिने जास्त. शिवाय नवी गोष्ट रचायला लेखक-चित्रकार लागतात. आकडा वाढवायला कोणीच लागत नाही.

दुसरी तऱ्हा शक्य आहे, हे २००५ सालीच ‘गिल्ड वॉर्स’ने दाखवले. वर्गणी नाही, आणि मर्यादा फक्त २०. खरा खेळ त्यानंतरच रंगतो. शेकडो कौशल्यांतून एका वेळी आठच सोबत घ्यायची. त्यातली सर्वांत दुर्मीळ कौशल्ये ज्या म्होरक्यांकडे असतात त्यांना हुडकून, हरवून, त्यांच्याकडूनच उचलायची. इथे बक्षीस म्हणजे लढायची एक नवी रीत.

‘रूनस्केप’मधली नवख्यांची एक क्वेस्ट तर अगदीच घरगुती आहे. किल्ल्यातल्या स्वयंपाक्याला केकसाठी अंडे, दूध आणि पीठ आणून द्यायचे. अनुभवगुण मिळतातच, पण त्याशिवाय तो आपली चूल वापरायची मुभा देतो. केवढीशी गोष्ट! पण त्या किल्ल्यात आता आपली ओळख आहे, काल बंद असलेली चूल आज आपल्याला खुली आहे.

आता कोणी म्हणेल, लोकांना आकडा वाढलेला आवडतो, नवख्याला शिडी लागतेच. मान्य. एकेक विद्या हळूहळू हाती देणाऱ्या पहिल्या लेव्हली उपयोगाच्याच असतात. पण शिडी माडीवर जाण्यासाठी असते. माडीच नसेल आणि शिडीलाच दरवर्षी नव्या पायऱ्या ठोकल्या जात असतील, तर चढणाऱ्याने जाब विचारायला हवा.

माझे मागणे साधे आहे. लेव्हली थोड्या ठेवा आणि लवकर संपवा. मिळवलेली वस्तू पुढच्या पुरवणीत कचरा करू नका. आणि प्रत्येक क्वेस्टने काहीतरी उघडावे : एक दार, एक विद्या, निदान एका माणसाची ओळख.

तोवर खेळणाऱ्याने प्रत्येक क्वेस्टनंतर स्वतःला विचारावे, काल येत नव्हते असे आज मला काय करता येते? ‘तेच, पण मोठ्या आकड्याने’ असे उत्तर आले, तर मिळाली ती रोजंदारी. तीही पदरची वर्गणी भरून!