नादाचें बळ आणि नादाची गोडी

‘आवाज कमी कर!’ हें वाक्य, ज्या घरांत वयांत आलेलें मूल आहे, त्या घरांत दिवसांतून एकदां तरी उच्चारलें जातेंच. पूर्वीं तें रेडिओला उद्देशून असे, मग टेपरेकॉर्डरला, पुढें दूरदर्शनला. आतां ज्या घरांत मुलानें किंवा मुलीनें विजेची गिटार हातीं धरली आहे, तेथें तें गिटारीच्या ध्वनिवर्धकाला उद्देशून असतें. ह्या शेवटल्या प्रकाराविषयीं आज लिहावयाचें आहे. इतर यंत्रांचा आवाज कमी केला म्हणजे आवाजच तेवढा कमी होतो; परंतु व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचा आवाज कमी केला कीं त्याबरोबर त्याची गोडीहि जाते. वडील माणसें म्हणतात, मुलगा ऐकत नाहीं. मुलगा म्हणतो, वडिलांना कळत नाहीं. दोघेहि आपापल्या परी खरें बोलत असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाहीं.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. विजेच्या गिटारीच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. वरची पोलादी तार कंप पावली कीं त्या वेटोळ्यांत अगदीं क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून स्पीकरपर्यंत पोंचविणें हें ध्वनिवर्धकाचें काम. बहुतेक यंत्रांत हें काम आज ट्रान्झिस्टर करतो. परंतु गिटारवादकांनीं कांचेचे व्हॉल्व्ह अद्याप सोडलेले नाहींत. ज्यांच्या घरीं जुना मोठा रेडिओ होता त्यांना ते आठवतील. बटण फिरविल्यावर कांहीं वेळ थांबावें लागे, मग आंत तांबूस उजेड दिसे, आणि मग बातम्या ऐकूं येत. फ्लेमिंग यांनीं १९०४ मध्यें असा पहिला व्हॉल्व्ह केला आणि १९०६ च्या सुमारास डी फॉरेस्ट यांनीं त्यांत सुधारणा करून त्यास ध्वनि वाढविण्याच्या कामीं लावलें. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतहि ते तयार होत.

इतकें जुनें साधन वादकांनीं कां जपावें? ह्याचें उत्तर आपल्या तंबोऱ्यांत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अशा बेतानें घांसलेला असतो कीं तार त्याला जेमतेम स्पर्श करीत थरथरते. तारेखालीं सुताचा धागा सरकवून तो स्पर्श नेमका साधतात. हीच जवारी. तिच्यामुळें मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उमटतात, आणि एकटी तार भरल्या घरासारखी वाजूं लागते. मिरजेस शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला; तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्या कारागिरांच्या हाताची सारी कसोटी ह्या जवारींत असते.

व्हॉल्व्ह हें जवारीचेंच काम करतो. मात्र एका अटीवर. त्याच्याकडे थोडें काम असेल तोंवर तो आलेला ध्वनि जसाच्या तसा वाढवून देतो. त्याच्या शक्तीबाहेर काम सोंपविलें म्हणजे ध्वनिलहरींचे शेंडे हळूहळू बोथट होऊं लागतात, आणि त्यांतून नवे उपस्वर निर्माण होतात. हलक्या हातानें छेडलेली तार स्वच्छ बोलते, जोरानें छेडलेली घोगरी व भरदार होते; वादकाच्या बोटांतला भेद यंत्र ओळखूं लागतें. स्पीकरचा कागदी पडदाहि जोरानें हलूं लागला म्हणजे त्यांत आपली भर घालतो. थोडक्यांत, हें यंत्र श्रमूं लागलें कीं गाऊं लागतें. देवगिरीस सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत नादाचे पुष्ट, अपुष्ट असे भेद सांगितले आहेत. ते त्यानें देहांतील स्थानांना अनुलक्षून सांगितले, हें खरें. तरी ते शब्द येथें उसने घेण्यास हरकत नाहीं. श्रमणाऱ्या व्हॉल्व्हचा नाद पुष्ट, आणि निजलेल्या व्हॉल्व्हचा अपुष्ट.

मग अडचण कोठें आहे? अडचण अशी कीं, हीं यंत्रें माजघरासाठीं जन्मलींच नाहींत. लंडनमध्यें ढोलवादन शिकविणारे व वाद्यांचें दुकान चालविणारे जिम मार्शल यांनीं १९६२ मध्यें अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या नमुन्यावरून आपला ध्वनिवर्धक तयार करविला. मोठमोठ्या नाट्यगृहांत, ढोलांच्या गजरावर गिटार ऐकूं जावी, ही त्या वेळच्या वादकांची मागणी होती. तिला अनुसरून १९६५ च्या सुमारास शंभर वॅटचीं यंत्रें आलीं. हजार माणसांसाठीं केलेला हंडा चार माणसांच्या चुलीवर चढवावा, तसा हा प्रकार आहे.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. तें केल्यावांचून बहुतेक घरांत चुकीचा उपाय होतो. शंभर वॅटचें यंत्र देऊन पन्नासाचें घेतलें तर आवाज निम्मा होईल असें वाटतें. परंतु तो फक्त तीन डेसिबलनें उतरतो, व कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. कानाला आवाज निम्मा वाटण्यास दहा डेसिबल, म्हणजे एकदशांश शक्ति करावी लागते. गिटारीचा नेहमींचा बारा इंची स्पीकर केवळ एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, सुमारें सत्त्याण्णव डेसिबल आवाज देतो. साधें बोलणें साठ डेसिबलच्या आसपास असतें. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठीं अमेरिकेंतील निऑश संस्थेनें घातलेली मर्यादा पंचायशी डेसिबलला आठ तास अशी आहे, व पुढें दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते; त्या हिशेबानें सत्त्याण्णव डेसिबलला उणापुरा अर्धा तास उरतो. म्हणजे एक वॅटदेखील घराला पुष्कळ झाला. खोलींत पंचाहत्तर डेसिबलनें भागवावयाचें तर एका वॅटचा सुमारें एकशेंसाठावा हिस्सा पुरतो!

आमचें घोडेगांव नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत आहे. जनावरांच्या व कांद्याच्या बाजाराचें हें गांव. गलक्याचें येथें कोणास नवल नाहीं. परंतु बाजाराचा गलका बाजारांत असतो. माझा नातू पदवी घेऊन घरूनच संगणकावर नोकरी करतो. पहिल्या वर्षाच्या बचतींतून त्यानें पन्नास वॅटचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणून माडीवर ठेवला, आणि खालच्या फडताळांतील वाट्या त्याला साथ करूं लागल्या. आमची व शेजारच्या घराची भिंत एक. त्या घरची मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला बसलेली. शेजाऱ्यांनीं एका शब्दानें तक्रार केली नाहीं. भर चैत्रांत आमच्या बाजूची खिडकी मात्र लावून घेतली. तीस वर्षांच्या शेजारांत बंद खिडकी हीच फिर्याद होय.

सुनेनें निकाल दिला, ‘हें यंत्र तरी घरांत राहील, नाहीं तर शेजार.’ नातू मला म्हणाला, ‘आजोबा, बटण एकावर ठेवलें तर ताटावर चमचा आपटावा तशी गिटार वाजते. त्यापेक्षां मी नगरला खोली घेतों.’ एका बटणापायीं मूल घराबाहेर पडण्याची भाषा बोलूं लागलें, तेव्हां हा विषय नीट समजून घेणें भाग पडलें. मी त्याला म्हणालों, ‘अरे, तुला आवाज हवा आहे कीं नाद हवा आहे, तें आधीं ठरव.’ त्यानें नाद म्हटलें, आणि पुढील उपाय आम्ही क्रमानें करून पाहिले.

पहिला उपाय फुकटचा. स्पीकरचा तार स्वर सरळ रेषेंत जातो. यंत्र जमिनीवर असलें तर तो वादकाच्या गुडघ्यांवर आदळतो. कानाला नाद मंद लागतो, म्हणून वादक आवाज वाढवितो. यंत्र कानाच्या उंचीला उचललें, किंवा तिरकें करून कानाकडे वळविलें, कीं पुष्कळ कमी आवाजांत काम भागतें. तें कोपऱ्यांतून बाहेर काढावें, कारण कोपरा खर्ज फुगवितो. खालीं जाड सतरंजीची घडी घालावी, म्हणजे माडीच्या फळ्या कांपत नाहींत.

दुसरा उपाय बटणांचा. पुष्कळ यंत्रांत आवाजाचीं बटणें दोन असतात. एक आरंभींच्या ईसीसी ८३ जातीच्या लहान व्हॉल्व्हना श्रमवितें, दुसरें ईएल ३४ सारख्या मोठ्या व्हॉल्व्हकडे किती ध्वनि सोडावयाचा तें ठरवितें. पहिलें वर व दुसरें खालीं ठेवलें म्हणजे थोड्या आवाजांतहि कांहीं पुष्टता मिळते. त्यांत कानाच्या धर्माची आठवण ठेवावी. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ मध्यें दाखवून दिलें कीं हलक्या आवाजांत आपल्या कानाला खर्ज व फार उंच स्वर कमी ऐकूं येतात. म्हणून सभागृहांत लावलेलीं बटणें घरीं तशींच ठेवूं नयेत. घरच्या आवाजांत ऐकून पुन्हां लावावींत. खर्ज मात्र बेतानेंच वाढवावा, कारण भिंतींतून शेजारीं जातो तो खर्जच.

तिसरा उपाय म्हणजे ॲटेन्युएटर. ही पेटी यंत्र व स्पीकर यांच्या मध्यें बसते आणि जादा शक्ति उष्णतेंत जिरविते. त्यामुळें मोठे व्हॉल्व्ह श्रमतात, पण स्पीकर थोडेंच बोलतो. आठ-दहा डेसिबलपर्यंत ती फार उत्तम काम देते. पन्नास वॅटवरून घरगुती आवाजापर्यंत चाळीस डेसिबल उतरविण्यास सांगितलें तर स्वर गोधडींत गुंडाळल्यासारखा होतो.

म्हणून चौथा उपाय मुख्य : घरासाठीं यंत्रच लहान घ्यावें. पांच वॅटचें, एक मोठा व्हॉल्व्ह असलेलें यंत्र लौकर श्रमूं लागतें, आणि मग वरील तिन्ही उपाय त्यावर यथास्थित लागू पडतात. नातवानें पन्नास वॅटचें यंत्र देऊन तसें घेतलें. पहिल्या दिवशीं त्यानें सावकाश एक सुरावट वाजविली. घरांतल्या आजी खालून म्हणाल्या, ‘आज तार बोलते आहे.’ संध्याकाळीं सात ते आठ ही वेळ आम्ही शेजाऱ्यांना विचारूनच ठरविली. रात्रीं तो स्पीकरऐवजीं लोडबॉक्स नांवाची पेटी जोडून कानाला हेडफोन लावतो. स्पीकरची उणीव त्यांतील संगणकी नक्कल भरून काढते. समोर हवा हलत असल्याचें सुख त्यांत नाहीं, असें तो म्हणतो. परंतु रियाज होतो. शेजारची खिडकी चार दिवसांनीं उघडली.

दोन इशारे दिल्यावांचून लेखणी ठेवणें बरें नाहीं. व्हॉल्व्हचें यंत्र स्पीकर किंवा लोडबॉक्स जोडल्याशिवाय कधींहि वाजवूं नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचें भय असतें. जोडणीचे ओहम, चार, आठ किंवा सोळा, जुळलेले असावेत. आणि यंत्र हौसेनें उघडूं नये. आंत तीनशें ते पांचशें व्होल्ट दाब असतो, व बटण बंद केल्यानंतरहि तो कांहीं काळ टिकतो. हें काम जाणत्या कारागिराचें आहे.

कायदाहि ठाऊक असावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी वस्तींत दिवसा पंचावन्न व रात्रीं पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा घातली असून, रात्र म्हणजे दहा ते सहा असें म्हटलें आहे. परंतु शेजारधर्म कायद्याच्या अगोदरचा आहे. तरुण वादकांनीं एकदां मित्राला वाजवावयास बसवावें आणि स्वतः शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन उभें राहावें. तेथें गिटारीची गोडी पोंचत नाहीं, नुसता धम्-धम् असा खर्ज पोंचतो, हें कानांनीं कळलें म्हणजे उपदेशाची गरज उरत नाहीं.

आणि वडील मंडळींस एवढीच विनंति कीं, ‘आवाज कमी कर’ एवढ्यावर थांबूं नये. माडीवर जाऊन पांच मिनिटें ऐकावें. मूल जें शोधीत असतें तें गोंगाट नसून जवारी असते, आणि जवारी शोधणारा कान घरांत तयार होणें ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. मोठें यंत्र निजवून ठेवण्यापेक्षां लहान यंत्र पुरतें जागवावें, ह्यांतच नादाची पुष्टि आणि घराची शांति दोन्ही आहेत.