सातबारा जिवंत झाला, पण वाटणी कोण करणार?

छत्रपती संभाजीनगर : वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर नाव त्यांचंच, अशी घरं पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड कुठल्याही तालुक्यात सापडतील. पीककर्ज काढायचं असो, अतिवृष्टीचं अनुदान असो की रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, अडचण तेव्हाच कळते. मग मृत्यूचा दाखला शोधा, वारसांचं प्रतिज्ञापत्र करा, तलाठ्याकडं चकरा मारा.

हे थांबावं म्हणून राज्य सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. त्याआधी बुलढाणा जिल्ह्यात ती राबवली होती. मयताचं नाव कमी करून वारसांची नावं लावायची, हे काम गरजेचंच होतं. पण वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. एका बापाच्या जागी आई, तीन भाऊ, दोन बहिणी अशी सहा नावं लागतात. विहीर कुणाच्या वाट्याला, बांध कुठून, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. भांडण तिथंच राहतं, उलट सह्या करणारे वाढतात.

खरं काम म्हातारा-म्हातारी हयात असतानाच करायचं असतं. तेव्हा घरात त्यांचा शब्द चालतो. सगळे हिस्सेदार राजी असले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करून वाटणी होते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णयही मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये घेतला. पूर्वी ही फी ३० हजारांपर्यंत जायची, म्हणून लोक तोंडी वाटणीवर भागवायचे. मात्र हिश्श्यावरून एकानं जरी वाद काढला, तर प्रकरण दिवाणी कोर्टात जातं आणि मग तारीख पे तारीख.

लेकींना वगळून कागद केला तर तो टिकत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. पण माहेर तुटेल या भीतीनं, साडीचोळीवर घेतलेली सही उद्या घरात कलह घालते. मुस्लिम कुटुंबांचा वारसा कायदा वेगळा आहे, त्यांनी वकिलाला विचारूनच कागद करावा.

दुसरी चूक याच्या उलटी होते. पोरांवर भरवसा ठेवून बाप सगळी जमीन त्यांच्या नावावर करून मोकळा होतो, आणि मग औषधाच्या पैशालाही हात पसरावा लागतो. त्यामुळं वाटणीत नवरा-बायकोचा वाटा वेगळा काढून त्यांच्याच नावावर ठेवावा. त्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर चालतं. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. हयातीत कितीदाही बदलता येतं. मात्र वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं.

बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ‘मुलानं शेवटपर्यंत सांभाळ करावा’ ही अट त्यात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणं ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र सुप्रीम कोर्टानं २ जानेवारी २०२५ ला याच कायद्यानं रद्द केलं. सांभाळाची तक्रार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज देऊन करता येते.

सणासुदीला भाऊ-बहिणी एकत्र येतात. त्यावेळी एक दिवस सातबारा मधे ठेवून, आई-बापाच्या तोंडून, सगळ्यांसमोर बोलणं व्हावं. बाप गेल्यावर तेच भाऊ कोर्टाच्या पायरीवर भेटतात.