आधी साबण, मग उपदेश



दिवाळीआधी आमच्या स्वयंपाकघराचं आणि बाथरूमचं काम काढलं होतं. दाहोदकडची चार माणसं महिनाभर येत होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांतला सर्वांत धाकटा, विशीतला मुलगा यायचा थांबला. मुकादम म्हणाला, "बेन, एने टाइफॉइड थयो छे."

मी चपापले. बडोद्याच्या कारखान्यांत पंचवीस वर्षं डॉक्टर म्हणून मी कामगारांना हेच सांगत आले, हात धुवा, शुद्ध पाणी प्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याच्या पाण्याची जागा शौचालयापासून किमान सहा मीटर दूर हवी, तिथे बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी हवी, असं लिहिलेलं होतं. मी ते तपासत असे. आणि माझ्याच घरी? आम्ही फिल्टरचं पाणी पीत होतो. ती माणसं पार्किंगमधल्या नळाला बाटल्या लावत होती. शौचाला मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जात होती. साबण तर कुठेच नव्हता.

लागण आमच्याकडेच झाली असं नाही म्हणता येत. जंतू पोटात गेल्यावर ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात. पण ही पळवाट मला नको.

टायफॉइडचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाणी, अन्न किंवा हात यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. ताप उतरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही ते काही काळ राहू शकतात. म्हणून चौघं एका डब्यातून जेवतात तिथे, किंवा कॅन्टीनमध्ये, एकाचे न धुतलेले हात पुरतात. नळ, संडास आणि डबा ही एकच साखळी आहे.

दुसऱ्याच दिवशी मी चार गोष्टी केल्या. फिल्टरच्या पाण्याचं झाकणाचं, तोटीचं पिंप बाहेर ठेवलं. खालचा संडास त्यांना उघडून दिला. संडासाजवळ आणि जेवायच्या जागी साबण ठेवला. नुसत्या पाण्याने हात धुणं पुरत नाही, साबण वीस सेकंद तरी चोळायला हवा. डबे उन्हातून उचलून सावलीत ठेवले आणि उरलेला भात संध्याकाळी खाऊ नका म्हणून सांगितलं.

पाचवी गोष्ट जरा जड गेली. आजारी माणसाची मजुरी. रोज बुडतो म्हणून माणूस तापातही कामावर येतो, औषध दोन दिवसांत सोडतो आणि इतरांनाही धोका होतो. मुलाच्या बुडालेल्या दिवसांचे पैसे मी दिले. आमच्या ह्यांनी आधी भुवया उंचावल्या. नंतर तेच पाकीट घेऊन खाली गेले.

जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचा. शौचात रक्त दिसलं किंवा ताप हटेना, तर डॉक्टरांकडेच न्या. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटू नका.

मुलगा महिन्याने परत आला, हडकलेला. त्याला मी तेव्हा हात धुण्याचा उपदेश केला नाही.

तुमच्याकडे काम चालू असेल तर आज एकदा खाली जाऊन बघा, ती माणसं पाणी कुठलं पितात.