काटकसर कुणाच्या ताटातून?

घरखर्च कसा आटोक्यात ठेवावा, याबद्दलचा मजकूर मराठी वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांतून निदान दोन पिढ्या छापून येतो आहे. आता तोच मजकूर मोबाईलवरून फिरतो. यादी करूनच बाजारात जा. भुकेल्या पोटी जाऊ नका. 'एकावर एक फुकट'ला भुलू नका. उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी करा. सूचना बदलत नाहीत, आणि त्या जिला उद्देशून लिहिलेल्या असतात तीही बदलत नाही. हाक असते ती 'गृहिणींनो' अशी. 'गृहस्थहो, महिन्याच्या वाणसामानात चार पैसे वाचवायचे आहेत? मग ऐका' असं कुणी लिहिलेलं तुमच्या वाचनात आलंय?

आमचं भांडण काटकसरीशी नाही. पैसे वाचवणं शहाणपणाचंच आहे. काटकसर हा बाईचा स्वभावधर्म आहे, असं जे गृहीत धरलं जातं, त्याच्याशी आमचं भांडण आहे. कारण या गृहीताची किंमत कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही. ती दोन ठिकाणांहून वसूल होते. एक बाईच्या वेळातून आणि दुसरं तिच्या ताटातून.

आधी वेळ पाहू. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. आणि ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांच्यापुरतीच आहेत. जे लावतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. आता त्या सूचना पुन्हा वाचा. चार दुकानांत भाव विचारून या, भाजी मंडईतूनच आणा, मसाले घरी कुटा, कडधान्यं घरी मोड आणून वापरा. यातली प्रत्येक सूचना पैसे वाचवते हे खरं आहे, पण ती बाईच्या वेळावर वाचवते. दहा रुपयांसाठी एक तास खर्ची घालणं कुणालाच वावगं वाटत नाही, कारण त्या तासाला दरच नाही. नवऱ्याच्या तासाला दर आहे, म्हणून त्याला मंडईत पाठवणं 'परवडत नाही'. कोथरूडमध्ये आज नवराबायको दोघंही नोकरी करतात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिथेसुद्धा डाळ संपत आल्याची आठवण कुणाच्या डोक्यात असते, ते आपल्या घरात डोकावून पाहा.

आता ताट पाहू. महागाई वाढली की घरात सर्वांत आधी काय कमी होतं? पोरांचं दूध कमी होत नाही, त्याच्या डब्यातली भाजीही कमी होत नाही. शेवटी जेवणारीच्या वाटणीची उसळ कमी होते. 'मला नको, माझं झालं' हे वाक्य या महाराष्ट्रात किती स्वयंपाकघरांत रोज उच्चारलं जात असेल! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत, सगळा दोष एकट्या ताटाला देता येणार नाही. पण ज्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही, तिथे 'गृहिणींनो, आणखी थोडी काटकसर करा' असं सांगणाऱ्यानं आधी विचारावं की ही बचत नेमकी कुणाच्या घासातून व्हायची आहे.

यावर कुणी म्हणेल, 'पण बायकांना त्यातलं कळतं, आम्ही गेलो तर फसून येतो.' मोटार विकत घेताना दहा ठिकाणी भाव काढणाऱ्या माणसाला तूरडाळीचा भाव कळू नये, याला अज्ञान म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

आणि तरीही बायका वाचवतात. का? ज्या बाईला स्वतःचं उत्पन्न नाही, तिच्या हातात खेळणारा पैसा म्हणजे किराण्यातून उरलेला पैसा. डाळीच्या डब्यातली, साड्यांच्या घडीतली ती नोट ही तिची एकमेव ठेव असते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि अशा कितीतरी ठेवी चव्हाट्यावर आल्या. नवऱ्यापुढे नोटा ठेवाव्या लागल्या, आणि वर 'एवढे लपवलेस?' हेही ऐकावं लागलं. तिनं लपवले नव्हते, कमावले होते. घरखर्चात वाचलेल्या पैशावर वाचवणारीचा हक्क आहे, तो तिच्या नावच्या खात्यात जायला हवा, ही आमची पहिली मागणी आहे.

आता प्रत्यक्ष बचतीबद्दल, कारण उपदेश झोडून स्वयंपाकघर चालत नाही. दुकानातली मांडणी आपल्या सोयीसाठी नसते. पॅकबंद मालाच्या ठरावीक वजनांचं बंधन केंद्र सरकारनं अलीकडे काढून टाकलं, त्यामुळे किंमत तीच ठेवून पुडा हलका करणं सोपं झालं. त्याच वेळी पाकिटावर एककाची किंमत छापणं सक्तीचं झालं. किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमला छापतात, किलोच्या वरच्यावर किलोला. ग्रॅमच्या आकड्याला हजारानं गुणा आणि मग दोन पाकिटं शेजारी ठेवा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं, हे आपोआप दिसेल. तेलाच्या पिशवीवर लिटर आहे की ग्रॅम तेही पाहा. लिटरभर तेलाचं वजन किलोहून कमी भरतं. हंगामातली भाजी घ्या. तूरडाळ महागली तर मूग, मसूर, मटकी, चवळी आपल्या स्वयंपाकात आहेतच. शिधापत्रिकेवर मिळणारं धान्य हा हक्क आहे, उपकार नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं शिधापत्रिकेवर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानलं आहे. आपल्या पत्रिकेवर प्रमुख म्हणून कुणाचं नाव आहे ते काढून बघा.

पण खरी बचत घाऊक खरेदीत असते, आणि तिथेच गरीब बाई मार खाते. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा, तर हातात एकरकमी पैसा हवा आणि घरात कोठी ठेवायला जागा हवी. मयूर कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये दोन्ही असतं. त्याच फ्लॅटमध्ये पोळ्या लाटायला सुतारदऱ्यावरून येणाऱ्या बाईकडे दोन्ही नसतं. ती रोजच्या रोज पाव किलो साखर आणि छोटी तेलाची पिशवी आणते आणि बहुतेक वेळा किलोमागे आपल्यापेक्षा जास्त मोजते. काटकसरीचे धडे तिला देणाऱ्यांनी हे गणित आधी सोडवावं.

ते एकटीनं सुटत नाही. ते एकत्र येऊनच सुटतं, आणि याचा इतिहास आपल्याच राज्यात आहे. १९७२ साली दुष्काळ आणि महागाई एकदमच कोसळली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. तेल, साखर, रेशनचं धान्य यांसाठी बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. 'मुगाची डाळ वापरा' असा सल्ला त्यांनी एकमेकींना दिला नाही, भावाचा जाब सरकारला विचारला. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं दुसरी वाट दाखवली. शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक खरेदी करायची आणि वाटप आपणच करायचं. जपानमध्येही १९६५ साली टोकियोच्या सेतागाया भागात दोनशेच्या आसपास बायकांनी दूध एकत्र विकत घ्यायला सुरुवात केली. त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी सहकारी चळवळ उभी राहिली, आणि पुढे त्यातल्या बायका स्थानिक निवडणुकाही लढल्या.

मात्र इथेही सावध राहायला हवं. मागणी नोंदवणं, माल उतरवून घेणं, वजन करणं, वाटणं हे सगळं पुन्हा बायकांच्याच बिनपगारी तासांवर उभं राहिलं, तर आपण फक्त ओझ्याची पिशवी बदलली. आणि स्वस्ताई दुसऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊन येत असेल, तर तीही नको. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ कांद्याची निर्यात बंद ठेवली गेली, ती शहरातल्या गृहिणीच्या नावानं. नाशिक जिल्ह्यात कांदा लावणाऱ्या, काढणाऱ्या बाईला त्यात काय मिळालं? आपल्या दोघींना एकमेकींसमोर उभं करणारा मधला व्यवहार आपण तपासायला हवा. कोथरूडच्या गांधी भवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार सुरू झाला, तो याच मधल्या साखळीला वळसा घालण्यासाठी. तो रस्ता रुंद करता येईल.

म्हणून मैत्रिणींनो, एक साधा कार्यक्रम. आपल्या इमारतीतल्या दहा-पंधरा घरांचा खरेदी-संघ करा. त्यात घरकामाला येणाऱ्या बाईचं आणि वॉचमनच्या कुटुंबाचं नाव घाला, भाव सर्वांना एकच ठेवा आणि त्यांना पैसे हप्त्यानं देऊ द्या. वजनकाट्यापाशी पाळी पुरुषांचीही लावा, आणि पाळी चुकवणाऱ्याला दंड ठेवा. वाचलेल्या पैशांचा हिशेब उघडा ठेवा. आणि त्या महिन्यात घरातली प्रत्येक बाई सगळ्यांच्या बरोबरीनं ताटावर बसली का, हेही त्याच वहीत लिहा. तो रकाना रिकामा राहिला, तर वरची बचत खोटी आहे.