गावची पांढर ट्रॉलीत भरून चाललीय

आपल्याकडं गाव म्हणजे काळी आणि पांढर. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. ही पांढर आता जेसीबीनं उकरून ट्रॉल्यांत भरली जातेय. बीड जिल्ह्यातल्या किती गावठाणांच्या टेकाडांना असे अर्धवट खाल्लेल्या भाकरीसारखे लचके पडलेत, ते जाता-येता नुसतं बघा.

पांढरी माती निसर्गानं आयती दिलेली नाही. पिढ्यानपिढ्या मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्यावरच नवी घरं उठली. चुलीची राख, शेण, हाडं, खापरं त्यात मुरली आणि टेकाड चढत गेलं. म्हणजे ही माती आपल्याच वाडवडिलांनी जगून जगून तयार केलीय.

ती उकरणं नवं नाही, हे मान्य. माळवदाच्या घराला तिच्याशिवाय भागायचंच नाही. तुळया-फळ्यांवर हातभर पांढरी पसरली की पाणी खाली उतरत नसे. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती, नवरात्राआधी भिंतींना सारवण. बायका टिकाव-पाटी घेऊन जायच्या. माती खणता खणता खड्डा आत आत जाई, वर नुसती कपार लोंबकळायची. ती अंगावर येऊन बाया दगावल्याच्या बातम्या आम्ही पत्रकारांनी लिहिल्यात. पण पाटीनं जेवढी माती वर्षभरात जाई, तेवढी आता जेसीबी एका सकाळीत उचलतो. घरांवर तर स्लॅब आलेत! मग माती जाते कुठं? भरावाला आणि शेतात.

यात जातं काय? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघा. तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नोंद आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला जाई. नकाशा उघडा. पैठण आणि तेरच्या मध्ये कोणता जिल्हा येतो? आपलाच!

तेरच्या मातीत मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती बाहुली निघाली. तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडलीय. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू नेटानं जमवल्या, म्हणून आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे. आपल्या टेकाडांत काय होतं ते ट्रॉलीवाल्याला विचारायचं का?

गुप्तधनाच्या मागं लागलेल्यांनाही सांगतो, खरं धन हंड्यात नाही, थरात आहे. कोणतं खापर कोणत्या थरात निघालं यावरून गावाचं वय कळतं. बकेटनं एकदा सगळं कालवलं की सोन्याचं नाणं सापडलं तरी ते मुकंच. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावंच लागतं.

काही शेतकरी म्हणतील, "भाऊ, पांढरी टाकली की पीक जोमात येतं. आम्ही काय खायचं?" प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी तलावाचा गाळ आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून त्यासाठीच आली. गाळ पावसाबरोबर पुन्हा साचतो. पांढर पुन्हा साचायला हजार वर्षं लागतील, आणि सिमेंटच्या घरांतून तर ती साचणारच नाही.

म्हणून म्हणणं एवढंच. येत्या ग्रामसभेत जुन्या गावठाणाची हद्द तलाठ्याकडून नकाशावर दाखवून घ्या, आणि 'इथं यंत्रानं खोदकाम बंद' असा ठराव करा. त्याची प्रत तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला द्या. शाळेतल्या गुरुजींनी पोरांना एकदा त्या टेकाडावर न्यावं, उघड्या कडेतले राखेचे पट्टे दाखवावेत. इतिहासाचा तास तिथंच होईल.

तुमच्या गावची पांढर अजून शाबूत आहे का? फोटो टाका. गावाचं नाव लिहा, कुणाच्या ट्रॉलीचं नको. भांडण माणसाशी नाही, माती वाचवायचीय.