शिकार थांबली, हाकारा थांबला का?

१/ ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमध्ये रानगवा शिरला. आम्हा येरवडेकरांनी ती धावपळ मोबाइलवर पाहिली. गर्दी मागे लागली, आणि काही तासांतच गवा मेला. बंदूक मात्र कोणी झाडली नव्हती.

२/ गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानाचे शिकारीचे रान होते. हाकाऱ्याच्या शिकारीची खरी आखणी बंदूकवाल्याची नसे. वारा, पाणवठा आणि पाऊलखुणा पाहून माग काढणारा वाटाड्या मचाणाची जागा सुचवी. हाकारा घालणारे रान उठवीत. छायाचित्रात मात्र नेमबाजच मिरवी.

३/ उत्तर ध्रुवाजवळच्या नुनावुत प्रदेशात मस्क ऑक्स या केसाळ, बैलासारख्या प्राण्याची शिकार आजही होते. अतोनात शिकारीमुळे कॅनडाला १९१७ मध्ये त्याला संरक्षण द्यावे लागले होते. आज संख्येची मर्यादा असते, आणि पाहुण्या शिकाऱ्यासोबत वाटाड्या लागतोच.

४/ आपण १९५८ मध्ये दाजीपूरला अभयारण्य केले, १९७२ च्या कायद्याने गव्याला संरक्षण दिले. ते योग्यच झाले. परंतु शिकारीबरोबर माग काढणाऱ्याची विद्याही आपण अडगळीत टाकली. कोथरूडमध्ये हाकारा होता, वाटाड्या नव्हता.

५/ म्हणून माझे मत असे: शहरांच्या बचाव पथकांत रानाची जाण असलेल्यांना मानाचे स्थान हवे. आणि आपण? मोबाइल खिशात ठेवून वाट मोकळी करावी. एवढे केले, तरी हाकारा थांबेल.