लावले कीबोर्डवाल्यांनी दिवे!

"नजर अधू आहे ना? मग लाइटवाला कीबोर्ड घ्या की!"

हा सल्ला आपल्याकडे चहा विचारावा इतक्या सहज दिला जातो. दुकानदार देतो, हापिसातला सपोर्टवाला देतो, यूट्यूबवरचे गेमिंगवाले तर देतातच. माझं म्हणणं असं की बाजारात आज जे बॅकलिट कीबोर्ड आहेत ते बघता हा सल्ला बहुतेक वेळा बिनकामाचा आहे. आणि त्याचा दोष घेणाऱ्याचा नाही. तो कीबोर्ड बनवणाऱ्यांचा आहे, आणि त्याहून जास्त त्यांची कौतुकं लिहिणाऱ्यांचा.

मुळात 'अधू नजर' हा एक आजार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या बघा: चष्मा वगैरे सगळे उपाय करूनही त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६०, किंवा दृष्टीचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी, १० अंशांपर्यंत. (६/१८ म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून वाचता येतं ते तुम्हाला सहा मीटरवरून.) आता या एकाच खोक्यात कोण कोण बसतं? एकाचं मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. दुसऱ्याला नळीतून बघितल्यासारखं फक्त मधलं दिसतं आणि अंधारात तर काहीच नाही. तिसऱ्याला मोतीबिंदू, म्हणजे समोर दिवा आला की प्रकाश डोळ्यात पसरतो आणि होतं तेही दिसेनासं होतं. या तिघांना औषध एकच. दिवा! सर्दीलाही तेच आणि पाय मुरगळला तरी तेच.

माझा मामेभाऊ एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला स्टारगार्ट नावाचा डोळ्यांचा आजार आहे. आनुवंशिक असतो. मधलं धूसर, कडेचं ठीक. पठ्ठ्या गेम्स खेळतो, आणि बऱ्यापैकी खेळतो. त्याच्यासाठी कीबोर्ड शोधत आम्ही दोन शनिवार दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानात त्याची एकच मागणी: "जरा दिवे बंद करता का?" दुकानदार चक्रावायचे. चारपाच हजारांचा माल, त्याचं इंद्रधनुष्य हेच तर भांडवल, आणि हा पोरगा म्हणतोय बंद करा! मग तो नाक कीबोर्डला लावून माझ्याकडे वळायचा, "दादा, आता तूच वाचून दाखव."

मला चष्म्याशिवाय ६/६ दिसतं. तरी निम्म्या ठिकाणी वाचताना अडखळायला झालं.

कारण साधं आहे. बॅकलिट बटणावरचं अक्षर छापलेलं नसतं, ती एक अर्धपारदर्शक खिडकी असते. खालून एलईडी पेटला की ती उजळते. पण दुपारी खिडकीशेजारी बसलात की खोलीतला उजेड त्या बिचाऱ्या एलईडीला सहज हरवतो, आणि उरतं ते करड्या रंगाचं अक्षर. बटण काळं असेल तर निदान काहीतरी दिसतं. चंदेरी लॅपटॉपवर काय होतं ते तुम्ही रोज बघता: चंदेरीवर करडं, त्यावर पांढरा उजेड... अक्षर गायब! हापिसात अर्धे लोक दिवसा बॅकलाइट बंद करून काम करतात ते काही वीज वाचवायला नाही.

गंमत म्हणजे आपण सगळे आयटीवाले. वेबपेजवर मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ : १ एवढा तरी कॉन्ट्रास्ट हवा, हा नियम २००८ सालापासून डब्ल्यूसीएजीत लिहिलेला आहे. करड्यावर करडं टाकलं की ऑडिटवाला बगलेला मारतो. पण ज्या कीबोर्डवर तो बग टाइप होतो त्याला हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

आता रंगांचं कौतुक. २०१४च्या सुमाराला आरजीबी कीबोर्ड आले आणि तेव्हापासून प्रत्येक खोक्यावर तोच आकडा: १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. वाचण्यासाठी त्यातले कामाचे किती? डब्ल्यूसीएजीचंच सूत्र लावून बघू. काळ्यावर पांढरं २१, पिवळं १९.६, हिरवं १५.३, लाल ५.२५ आणि निळं फक्त २.४४! (हे गणित स्क्रीनसाठीचं आहे, कीबोर्डच्या एलईडीला जसंच्या तसं लागणार नाही. पण डोळा तोच आहे, हिरव्या-पिवळ्याला तो जास्त दाद देतो आणि निळ्याला कमी.) वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश आणखी अडवतं. आणि गेमिंगवाल्यांचे लाडके रंग कोणते? निळा, जांभळा आणि लाल.

बरं, म्हणाल की पांढरा करून टाका. करायचा कसा? त्यासाठी त्यांचं सॉफ्टवेअर. ते उघडलं की काळ्या पडद्यावर करडी, मुंगीएवढी अक्षरं. चष्म्याच्या दुकानाची पाटीच वाचता येऊ नये तसलं हे. काही कीबोर्ड सेटिंग स्वतःच्या मेमरीत ठेवतात, ते बरे. बाकीच्यांचं सॉफ्टवेअर सुरू नसेल तर पुन्हा गणपतीची मिरवणूक चालू. प्रकाशाच्या पायऱ्याही तीनचारच. डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही अशा माणसाला पहिली पायरीच जास्त होते आणि त्याखाली थेट अंधार.

फॉन्टबद्दल तर बोलायलाच नको. अंतराळयानावर शोभतील असे तुटक-तुटक फॉन्ट, ज्यात ओ, डी, शून्य, आठ आणि बी सगळे एका आईची लेकरं दिसतात.

इथे कोणीतरी म्हणणारच, "टच टायपिंग शिकावं ना, अक्षरं लागतातच कशाला?" भावाला येतं टच टायपिंग. एफ आणि जे वरचे उंचवटे त्याला पुरतात. पण फंक्शन कीज? सी++ मधले कंस? एफएनबरोबर दाबायची ती चित्रं? आणि गेममध्ये उजवा हात माउसवर असताना एकट्या डाव्या हाताने लांबचं बटण शोधायचं असतं तेव्हा? टच टायपिंगचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून एफ ९ दाबून दाखवावा.

दुसरं उत्तर म्हणजे "अशा लोकांसाठी वेगळे कीबोर्ड मिळतात की." मिळतात. मोठ्या अक्षरांचे, पिवळ्या बटणांवर ठसठशीत काळी अक्षरं. वाचायला उत्तम! पण त्यातले बरेचसे साधे मेम्ब्रेनवाले, ज्यात तीनचार बटणं एकदम दाबली की एखादं नोंदवलंच जात नाही. हिशोबाला ठीक, गेमला निरुपयोगी. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याने खेळूच नये, असं धरूनच चाललेत. खुद्द गेमवाले इतके मागास राहिलेले नाहीत. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' २०२० साली आला तो साठाहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग घेऊन, हाय कॉन्ट्रास्टसकट. मायक्रोसॉफ्टने हातापायाच्या अडचणी असलेल्यांसाठी २०१८ मध्ये वेगळा कंट्रोलर काढला. कीबोर्डवाले काय करतात? ८००० हर्ट्झ पोलिंग. म्हणजे एक अष्टमांश मिलिसेकंद. एवढा वेळ वाचवायला अक्कल आहे, अक्षर दोन मिलिमीटर मोठं करायला नाही.

आणि आपलं देवनागरी? इनस्क्रिप्ट १९८६ साली प्रमाण ठरला. दोन लिप्यांच्या कीबोर्डवर देवनागरी अक्षर सहसा बटणाच्या खालच्या कोपऱ्यात बसतं. मेकॅनिकल स्विचमध्ये एलईडी असतो एका कडेला, बहुतेक वेळा वरच्या. वरचा अर्धा भाग उजळतो आणि खालच्या अर्ध्यात संध्याकाळ. म्हणूनच गेमिंग कीबोर्डवर आकडा आणि त्याचं चिन्ह दोन्ही वरच्या बाजूला कोंबलेले असतात. माझी आत्या निवृत्त मराठीची शिक्षिका, इनस्क्रिप्टवर झरझर टाइप करायची. मधुमेहाने नजर उतरल्यावर कोणीतरी तिला प्रेमाने बॅकलिट कीबोर्ड भेट दिला आणि वर देवनागरी स्टिकर चिकटवून दिले. स्टिकर अपारदर्शक! उजेड बटणांच्या फटींतून डोळ्यात, आणि अक्षरं काळीठिक्कर. आत्या म्हणाली, "अरे, समई लावली आणि देवच अंधारात!" शेवटी तिचा जुना पांढरा कीबोर्ड, त्यावर ठळक काळे स्टिकर आणि वरून टेबललॅम्प, यावर काम भागलं. जुन्या थिंकपॅडच्या झाकणात वरून उजेड पाडणारा छोटा दिवा असायचा, आठवतोय? ती अक्कल आयबीएमला होती.

भावाचं म्हणाल तर त्याला उजेड लागतोच, होस्टेलच्या खोलीत रात्री पार्टनर झोपलेला असतो. शेवटी काळा, एकरंगी पांढऱ्या दिव्याचा, प्रकाश बारीक-मोठा करायला गोल खुंटी असलेला असा एक मिळाला. कीकॅप डबल-शॉट, म्हणजे अक्षर दुसऱ्या प्लास्टिकचं, आरपार ओतलेलं. वरून रंग मारून लेसरने खरवडलेली अक्षरं वर्षा-दोन वर्षांत झिजतात. त्याची नाहीत. फंक्शन कीजवर आम्ही फुगीर ठिपके चिकटवले. तो कोणत्याही 'टॉप टेन'च्या यादीत नव्हता, कारण तो इंद्रधनुष्य दाखवत नाही.

परीक्षणं लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी एका फोटोची आहे. अंधाऱ्या खोलीतले झगमगते वीस टाका, हरकत नाही. पण एकविसावा दुपारी बारा वाजता, दिवे बंद करून, दोन फुटांवरून काढा.

आणि हो, देवनागरी अक्षरांतून उजेड येईल असा, अक्षर बटणाच्या वरच्या भागात असलेला कीकॅप सेट मला अजून सापडलेला नाही. आत्यासाठी हवाय. कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा.